बटण दाबले म्हणजे यंत्र बंद झाले असे नव्हे
(गोदामातील यंत्रे व त्यांवरील अपघात : सभासदांसाठी एक पाठ)

— ऊस विकास अधिकारी



या पानावर नेहमी लागणीचे अंतर, बेणेप्रक्रिया, खोडवा, पाचट कुजविणे अशा विषयांवर पाठ असतो. या खेपेस विषय गोदामातील यंत्रांचा घेतला आहे. शेतकी खात्याच्या माणसाचा यंत्राशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध दुहेरी आहे. गोदामात थप्पीला लागते ती साखर आपल्याच उसाची असते आणि ते गोदाम, तो पट्टा, ती यंत्रे सभासदांच्या भागभांडवलातून उभी राहिलेली असतात. मालकी आपली, म्हणून तेथे राबणाऱ्या माणसाच्या हातापायाची जबाबदारीही आपली. दुसरे असे की, गटात फिरताना गोठ्यागोठ्यात कडबाकुट्टी दिसते, फडात ट्रॅक्टर दिसतो, विहिरीवर मोटार दिसते. गोदामात ज्या कारणाने बोट जाते त्याच कारणाने गोठ्यातही जाते. ते कारण एकदा नीट उमगले तर दोन्हीकडे उपयोगी पडेल.

पाठाचे सार आधीच सांगून टाकतो. यंत्र नीट चालू असते तेव्हा माणूस त्याला भिऊन असतो, अंतर राखतो. ते अडकते, थांबते, कुरकुरते, तेव्हा माणूस जवळ जातो, वाकतो आणि 'बंद केलंय की' या भरवशावर हात आत घालतो. घात होतो तो या क्षणी. म्हणून चालू यंत्रापेक्षा अर्धवट बंद असलेल्या यंत्राला अधिक जपावे.

किती पोती, किती वेळा?

साखरेचे पोते पूर्वी १०० किलोचे असे, आता ५० किलोचे असते. एक हिशेब मांडून पाहू. समजा एखादा कारखाना दिवसाला २,५०० टन गाळप करतो, हंगाम १५० दिवस चालतो आणि सरासरी उतारा ११ टक्के पडतो. एकूण गाळप ३ लाख ७५ हजार टन झाले. साखर झाली ४१,२५० टन, म्हणजे ४ लाख १२ हजार ५०० क्विंटल. त्याची ५० किलोची पोती होतात ८ लाख २५ हजार. प्रत्येक पोते निदान तीन वेळा हलते : शिलाई होऊन पट्ट्यावर, पट्ट्यावरून थप्पीला, आणि विक्रीच्या वेळी थप्पीवरून ट्रकमध्ये. म्हणजे एका हंगामाच्या साखरेसाठी जवळजवळ २५ लाख वेळा कोणीतरी पोत्याला हात लावतो.

ही सगळी हालचाल निव्वळ पाठीवर करायची म्हटली तर हमालाची कंबर चाळिशीतच जाते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली शिफारस केली की, प्रौढ पुरुषाने हाताने उचलावयाचे ओझे ५५ किलोपेक्षा जास्त असू नये. आपल्या राज्याने १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. ओझ्याचा प्रश्न किती मोठा होता हे यावरून ध्यानात यावे. तेव्हा गोदामात यंत्र आले हे चांगलेच झाले. वाहक पट्टा आला, पोते उंचावर चढविणारा उचल पट्टा आला, काही ठिकाणी फोर्कलिफ्ट आली. कंबर वाचली. पण कंबरेचे दुखणे हळूहळू येते, यंत्राचा घाव एका क्षणात येतो. २५ लाख वेळांपैकी एक वेळ चुकली तरी ज्याची चुकली त्याचा संसार बसतो.

वरसे येथील मुलाची हकिकत

हंगाम संपला की आपल्याकडची पुष्कळ मुले कामासाठी घाट उतरून रायगड जिल्ह्यात जातात. कोकण रेल्वे जेथून सुरू होते त्या रोहा शहराला लागूनच वरसे हे गाव आहे आणि जवळच धाटावची औद्योगिक वसाहत आहे. एका सभासद बंधूंचा मुलगा वरसे येथे खोली करून राहत होता व त्या भागातील एका गोदामात माल भरण्याच्या पट्ट्यावर कामाला होता. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. तो गावी आला असता त्याने जे सांगितले ते येथे देतो. गोदामाचे किंवा कोणाचे नाव देण्याचे कारण नाही. आपल्याला कारण शोधायचे आहे.

पोती ट्रकमध्ये चढविणारा तिरपा पट्टा होता. संध्याकाळची वेळ, बाहेर दोन ट्रक खोळंबलेले. एका पोत्याची शिलाई उसवली आणि सुतळी पट्ट्याच्या खालच्या टोकाच्या ड्रमभोवती गुंडाळली गेली. पट्टा एका अंगाला सरकू लागला. मुलाने बटण दाबून पट्टा थांबविला. येथपर्यंत त्याचे काहीच चुकले नाही. ड्रमवरची जाळी दोन दिवसांपूर्वी सफाईसाठी काढलेली होती व भिंतीला टेकवून ठेवलेली होती. त्याने वाकून सुतळी ओढायला सुरुवात केली. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला, ट्रकपाशी, दुसरे चालू करण्याचे बटण होते. मधे पोत्यांची थप्पी होती. तिकडच्या माणसाला हा वाकलेला दिसला नाही, पट्टा थांबलेला तेवढा दिसला. "का थांबला रे?" असे त्याने ओरडून विचारले, यंत्राच्या गोंगाटात उत्तर आले नाही आणि त्याने बटण दाबले.

लोक लगेच म्हणाले, 'पोराचा निष्काळजीपणा.' सभासदहो, जरा थांबून कड्या मोजा.

१) जाळी जागेवर असती, तर हात ड्रमपर्यंत पोहोचलाच नसता.
२) चालू करण्याचे बटण एकाच ठिकाणी असते, तर दुसऱ्याला ते दाबता आले नसते.
३) मुख्य खटका पाडून त्याला कुलूप लावले असते, तर दोन्ही बटणे निकामी झाली असती.
४) पट्टा सुरू होण्यापूर्वी भोंगा वाजण्याची सोय असती, तर हात मागे घ्यायला वेळ मिळाला असता.
५) ट्रकची घाई नसती, तर मेकॅनिकला बोलाविले असते.

या पाचांपैकी कोणतीही एक कडी तुटली असती तर बोटे वाचली असती. पाचही एकत्र आल्या तेव्हा अपघात झाला. अपघातानंतर माणसाला बोल लावणे सोपे असते. त्याने कडी तुटत नाही. उद्या त्या जागी दुसरा मुलगा उभा राहतो आणि कड्या तशाच असतात.

हात मागे का घेता येत नाही?

'मी चपळ आहे, हात काढून घेईन,' असे पुष्कळांना वाटते. गुऱ्हाळाचा चरखा आपण सर्वांनी पाहिला आहे. दोन लाटांच्या मधे उसाचे टोक धरले की कांडे आपोआप आत ओढले जाते, ढकलावे लागत नाही. जेथे दोन फिरणारे भाग एकमेकांकडे येतात, किंवा पट्टा ड्रमवर चढतो, तेथे असाच चरखा तयार होतो. चरख्याला कांडे आणि बोट यांतला फरक कळत नाही.

हिशेब करून बघा. पट्टा सेकंदाला १ मीटर वेगाने चालला आहे असे धरू. हात ड्रमपासून ३० सेंटिमीटरवर आहे आणि हातमोजा पट्ट्यात अडकला. हात ड्रमपाशी पोहोचायला लागतो सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी वेळ. धोका दिसून, डोक्यात शिरून, हात हलेपर्यंत माणसाला अर्धा ते पाऊण सेकंद लागतो. म्हणजे मेंदूला खबर पोहोचण्याआधी हात आत गेलेला असतो. येथे चपळाई कामाला येत नाही. जाळीच कामाला येते.

याच कारणाने फिरत्या भागांजवळ सैल कपडे, लोंबता गमछा, मनगटावरचा दोरा, कडे, अंगठी आणि सैल हातमोजा यांना मनाई असावी. हातमोजा चांगला, पण पोते उचलताना. फिरत्या ड्रमजवळ तोच घात करतो.

'बंद' याचा अर्थ

बटण दाबल्यावर मोटार थांबते. पण यंत्रात शिल्लक राहिलेला जोर जात नाही. तिरप्या पट्ट्यावर पोती असतील तर पट्टा वजनाने खाली सरकतो. उचललेला फाटा तेलाच्या दाबावर उभा असतो, नळी सुटली की तो खाली येतो. जड चाक वीज गेल्यावरही काही काळ गरगरत राहते. आणि सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे गेलेली वीज. वीज गेली म्हणून थांबलेले यंत्र बंद झालेले नसते, ते वीज येण्याची वाट पाहत असते.

म्हणून दुरुस्तीपूर्वी, सफाईपूर्वी व अडकलेला माल काढण्यापूर्वी पुढील पायऱ्या क्रमाने कराव्यात.

पहिली पायरी : पट्ट्यावरील व आसपासच्या सर्वांना मोठ्याने सांगणे, की यंत्र बंद करीत आहे.
दुसरी : बटणाने यंत्र थांबविणे.
तिसरी : मुख्य खटका पाडणे.
चौथी : खटक्याला कुलूप लावणे व किल्ली आपल्याच खिशात ठेवणे. वर पाटी अडकविणे : 'माणूस काम करीत आहे, चालू करू नका.'
पाचवी : उरलेला जोर काढणे. पट्ट्यावरची पोती उतरविणे, उचललेला भाग खाली घेणे किंवा ठोकळ्याचा टेकू देणे.
सहावी : चालू करण्याचे बटण एकदा दाबून बघणे. यंत्र हलले नाही तरच हात आत.

दोन माणसे काम करीत असतील तर दोन कुलपे लावावीत. ज्याचे कुलूप त्यानेच काढावे. मुकादमानेही दुसऱ्याचे कुलूप काढू नये. अमेरिकेत १९८९ साली या पद्धतीचा सक्तीचा नियमच झाला. पण यात परदेशी असे काही नाही. आपण विहिरीत उतरतो तेव्हा मोटारीच्या पेटीपाशी घरचा माणूस उभा करून जातोच की नाही? तोच विचार येथे कुलपाने पक्का केला आहे. माणूस चहाला जाईल, कुलूप जात नाही.

दुरुस्तीच्या वेळेला हलके मानू नये याचा दाखला त्याच धाटाव वसाहतीत आहे. १२ सप्टेंबर २०२४ रोजी तेथील एका रसायन कारखान्यात साठवण टाकीजवळ वेल्डिंगचे काम चालू असता स्फोट झाला आणि तीन कामगार दगावले. यंत्र वेगळे, माल वेगळा, पण वेळ तीच. माल तयार करण्याची नव्हे, डागडुजीची. आपल्याकडेही हंगामापूर्वी व हंगामानंतर दुरुस्तीचा काळ असतो. बॉयलर थंड असतो, गव्हाण रिकामी असते आणि सगळ्यांना वाटते की आता धोका संपला. नेमक्या त्याच काळात हात यंत्राच्या पोटात असतात.

फोर्कलिफ्ट : उलाळ गाडीचा धडा

जेथे फोर्कलिफ्ट आहे तेथे वेगळी काळजी हवी. तीन टन उचलणाऱ्या गाडीचे स्वतःचे वजन चार टनांहून जास्त असते. पुढे भार व मागे लोखंडाचे वजन असा तराजू त्यात साधलेला असतो. बैलगाडीत माल मागे जास्त भरला की गाडी उलाळ होते व जू वर उचलते, हे आपल्याला ठाऊक आहे. फोर्कलिफ्टचे तसेच, फक्त उलट दिशेने : पुढे भार जास्त झाला की मागची चाके उचलतात. भार उंच धरून वळण घेतले की गाडी आडवी होते.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. ही गाडी मागच्या चाकांनी वळते. चालकाने पुढचे टोक डावीकडे नेले की शेपूट उजवीकडे झटकन बाहेर येते. बाजूला उभा असलेला माणूस 'गाडी तिकडे चालली' म्हणून निर्धास्त असतो आणि शेपटीच्या तडाख्यात सापडतो. मागे भिंत किंवा थप्पी असली तर चिरडतो.

वेगाचाही हिशेब घ्या. ताशी १० किलोमीटर म्हणजे सायकलसुद्धा सहज गाठते तेवढा वेग. पण त्या वेगाने गाडी सेकंदाला पावणेतीन मीटरहून अधिक जाते. चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत गाडी दोन मीटर पुढे आलेली असते, नंतर कोठे ब्रेक लागू लागतो. थप्पीच्या कोपऱ्यावरून एकदम पुढे येणाऱ्या माणसाला एवढी जागा मिळत नाही.

म्हणून नियम असे : माणसांची वाट व गाडीची वाट पिवळा पट्टा मारून वेगळी ठेवावी. कोपऱ्यावर हॉर्न द्यावा. भार जमिनीपासून वीतभर उंच धरूनच चालावे. समोरचे दिसत नसेल तर गाडी उलटी चालवावी. फाट्यावर माणूस उभा करून वर चढवू नये, 'एकच मिनिट' म्हणूनही नाही. चालक प्रशिक्षित असावा व त्याने पट्टा बांधावा. गाडी कलंडू लागली तर उडी मारू नये. उडी मारणारा गाडीच्या छताखाली सापडतो. सुकाणू घट्ट धरून, पाय रोवून, गाडी पडते त्याच्या विरुद्ध बाजूला झुकावे.

थप्पीविषयी दोन शब्द. पोती विटांच्या बांधकामासारखी सांधेमोड करून रचावीत. थप्पी काढताना वरून पायरी-पायरीने काढावी, खालचे पोते ओढू नये. फोर्कलिफ्टचा धक्का लागलेली थप्पी वरून धड दिसली तरी जबाबदार माणसाने पाहिल्याशिवाय तिच्याखाली जाऊ नये.

साखरेची धूळही पेटते

साखर चुलीत टाकली की भडकते हे घरोघरी ठाऊक आहे. पण साखरेचा बारीक भुगा हवेत उडालेला असेल व त्याला ठिणगी मिळाली तर स्फोट होतो, हे फारसे कोणाच्या ध्यानी नसते.

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात पोर्ट वेंटवर्थ येथे साखर शुद्ध करण्याचा मोठा कारखाना होता. साखरेच्या उंच कोठारांखालून एक वाहक पट्टा जात असे. साखरेत घाण पडू नये म्हणून २००७ साली तो पट्टा पत्र्याने बंदिस्त करण्यात आला. हेतू चांगला होता. पण आत उडणारी धूळ बाहेर काढण्याची सोय केली नाही. ७ फेब्रुवारी २००८ रोजी त्या बंदिस्त पट्ट्यात स्फोट झाला. तापलेल्या बेअरिंगने धूळ पेटली असावी, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. पहिल्या धक्क्याने पुडे भरण्याच्या इमारतीतील तुळयांवर, यंत्रांवर व जमिनीवर साठलेली धूळ हवेत उडाली आणि एकामागून एक स्फोट होत गेले. १४ कामगार मेले व ३६ जखमी झाले.

यातून आपण घ्यायचे ते एवढेच : पट्ट्याचे बेअरिंग गरम लागत असेल, करकरत असेल तर ते 'हंगाम संपल्यावर बघू' म्हणून ठेवू नये. तुळयांवर, दिव्यांवर, मोटारीवर साखरेचा थर बसू देऊ नये. झाडताना हवेच्या झोताने उडवू नये, ती धूळ शोषून किंवा हलक्या हाताने गोळा करून काढावी. आणि हे करतानाही पट्टा वर सांगितलेल्या सहा पायऱ्यांनी बंद केलेला असावा.

कायदा काय म्हणतो?

१९४८ च्या कारखाने अधिनियमाने फिरत्या भागांना संरक्षक कठडा किंवा जाळी बसविणे मालकाचे कर्तव्य ठरविले. यंत्र चालू असताना तपासणी करणे अगदी भागच असेल, तर ती खास शिकविलेल्या प्रौढ पुरुष कामगाराने, अंगाबरोबर बसणारे कपडे घालूनच करावी, असे त्यात होते. १९७६ च्या दुरुस्तीने आणखी एक तरतूद आली : जो खटका चुकून चालू होऊ शकतो त्याला बंद स्थितीत कुलूप लावण्याची सोय पाहिजे. म्हणजे आपण वर पाहिलेली चौथी पायरी आपल्या देशाच्या कायद्यात तेव्हापासून आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहिता, २०२० हिने घेतली. कायद्याचे नाव बदलले तरी ड्रम तोच आहे व जाळीही तीच पाहिजे.

भरपाईविषयीही एक गोष्ट मनात पक्की धरा. माणूस ठेकेदाराचा असला म्हणून मुख्य मालक सुटत नाही. हे तत्त्व १९२३ च्या भरपाई कायद्यापासून चालत आले आहे. 'तो आमच्या पटावर नव्हता' हे उत्तर पुरत नाही. परगावी कामाला गेलेल्या मुलांनी हे ध्यानात ठेवावे आणि आपणही कारखान्याचे मालक म्हणून ध्यानात ठेवावे.

आता आपल्या गोठ्याकडे या

गोदामातला चरखा आपल्या घरीही आहे. कडबाकुट्टीच्या लाटा उसाच्या वाढ्यासारखाच हातही ओढतात. अडकलेली वैरण काढताना किती जण खटका पाडतात? बहुतेक जण बटणावर भागवितात आणि काही जण तर तेही करीत नाहीत.

त्यातून आपल्याकडे 'ऑटो' ची खोड आहे. रात्री-अपरात्री वीज येते, विहिरीवर कोण जाणार, म्हणून स्टार्टरला ऑटो बसवितात. वीज आली की मोटार आपोआप चालू होते. पाण्यापुरते ते सोयीचे वाटते. पण मोटारीच्या पट्ट्यात किंवा कपलिंगपाशी हात असताना वीज आली तर तीच सोय बोटावर बेतते. दुरुस्तीला बसण्यापूर्वी ऑटो काढा, खटका पाडा, फ्यूज काढून खिशात ठेवा. कडबाकुट्टीच्या मोटारीला तर ऑटो कधीही बसवू नये. यंत्राच्या तोंडावर झाकण असलेले व उलट फिरविण्याचा दांडा असलेलेच यंत्र घ्यावे. वैरण हाताने न रेटता लाकडाने रेटावी. लहान मुलाला तेथे उभे करू नये.

ट्रॅक्टरच्या मागील पी.टी.ओ. शाफ्टचा हिशेब घ्या. तो मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. शाफ्ट ७ सेंटिमीटर जाडीचा असेल तर एका फेऱ्यात २२ सेंटिमीटर कापड गुंडाळले जाते आणि एका सेकंदात जवळजवळ २ मीटर. धोतराचा सोगा, साडीचा पदर, गमछा अडकला तर ओरडायलाही वेळ मिळत नाही. त्यावरचे प्लास्टिकचे आवरण फुटले असेल तर ट्रॅक्टर आधी गॅरेजला न्यावा, मग शेतात. मळणीयंत्रात हात जाण्याचे प्रकार इतके वाढले की १९८३ साली केंद्र सरकारला धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा करावा लागला. तेव्हा हा काही फक्त कारखानदारीचा विषय नाही.

दुर्दैवाने शेतकऱ्यास असा अपघात झालाच, तर राज्य शासनाच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेची चौकशी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात ताबडतोब करावी. अर्ज वेळेत जाणे महत्त्वाचे असते, म्हणून दवाखान्याचे व पंचनाम्याचे कागद पहिल्या दिवसापासून जपावेत.

घाव झालाच तर

प्रथम खटका पाडा, मग माणसाला हात लावा. विजेचा धक्का बसलेल्याला खटका पडल्याशिवाय शिवू नका. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडके घडी करून जखमेवर घट्ट दाबून धरा व हात उंच ठेवा. हळद, चहाची पूड, माती काही भरू नका. तुटलेले बोट स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला, पिशवीचे तोंड बांधा आणि ती पिशवी बर्फात ठेवा. बोट थेट बर्फात किंवा पाण्यात टाकू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. जितक्या तासांत मोठ्या इस्पितळात पोहोचाल तितकी बोट पुन्हा जोडले जाण्याची आशा अधिक.

सभासदांनी काय करावे?

वार्षिक सभेत आपण उताऱ्यावर, दरावर, तोडणीच्या पाळीवर बोलतो. ते बोललेच पाहिजे. त्याच वेळी आणखी चार प्रश्न विचारावेत : गोदामातील सगळ्या पट्ट्यांच्या जाळ्या जागेवर आहेत काय? मुख्य खटक्यांना कुलपे व पाट्या दिलेल्या आहेत काय? ठेकेदाराच्या माणसांना कामाला लावण्यापूर्वी कोण व काय शिकवितो? गेल्या हंगामात थोडक्यात टळलेले प्रसंग किती व त्यांवर काय केले? शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा. थोडक्यात टळलेला प्रसंग म्हणजे फुकट मिळालेला इशारा. जो तो सांगतो त्याला शिक्षा झाली तर पुढे कोणी सांगणार नाही, म्हणून सांगणाऱ्याला शाबासकी मिळाली पाहिजे.

दरवर्षी ४ मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन पाळतात. राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना १९६६ साली त्या दिवशी झाली. त्या सुमारास आपला हंगाम सरत आलेला असतो, माणसे थकलेली असतात, घाई वाढलेली असते. त्या दिवशी नुसती शपथ घेण्यापेक्षा प्रत्येक पट्ट्यापाशी उभे राहून सहा पायऱ्या एकदा करून दाखवाव्यात. कुलपाची किंमत एका पोत्याच्या साखरेहूनही कमी पडते.

उजळणी

१) वीज गेल्यामुळे थांबलेले यंत्र बंद आहे असे का मानू नये?
२) वरसे येथील मुलाच्या हकिकतीतील पाच कड्यांपैकी आपल्या गोठ्यात कोणत्या आहेत?
३) कुलपाची किल्ली मुकादमाकडे न देता काम करणाऱ्याच्याच खिशात का असावी?
४) फोर्कलिफ्ट डावीकडे वळत असता उजव्या बाजूला उभे राहणे का धोक्याचे?
५) आपल्या कडबाकुट्टीचा मुख्य खटका यंत्रापासून किती पावलांवर आहे, आणि तेथे कुलूप लागते काय?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात मिळणार नाही. आज संध्याकाळी धारा काढायला जाल तेव्हा पावले मोजा. कुलूप लागत नसेल तर येत्या बाजाराला एक कुलूप आणा आणि वायरमनला बोलावून खटक्याच्या पेटीला कडी बसवून घ्या. पुढील महिन्यात गटात येईन तेव्हा खोडव्याच्या खताबरोबर तेही बघेन.